झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि आठवण गेली: घरच्यांनी काय करायचे

समोर माणूस आत्ता गुंगीत पडला असेल तर सगळे वाचत बसू नका. 108 ला फोन लावा आणि पहिला भाग तेवढा वाचा. आठवणीचा प्रश्न नंतरचा आहे, आधी श्वास.

पहिली दहा मिनिटे

खांद्याला हलवून नावाने मोठ्याने हाक मारा. मग छातीकडे बघत घड्याळाने पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अंदाजाने मोजू नका, घाबरलेल्या माणसाचा अंदाज नेहमी चुकतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास असतात. 10 पेक्षा कमी भरले, घोरल्यासारखा किंवा गुडगुडल्यासारखा आवाज येतोय, ओठ-नखे निळसर दिसतात, डोळे उघडून लगेच मिटतात, यातले एकही दिसले तरी घरी थांबायचे नाही.

श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे टेकवा, वरचा हात गालाखाली द्या, हनुवटी किंचित वर आणि तोंड जमिनीकडे. म्हणजे जीभ मागे पडत नाही आणि ओकारी झाली तर ती बाहेर जाते. सैल कवळी असेल तर काढून ठेवा. श्वास नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर करतो तशी नुसती तोंडाची उघडझाप असेल, तर उताणे झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला लागा. निदान 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. कोणी शिकलेला असेल तर 30 दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. या औषधांत आधी श्वास थांबतो, म्हणून त्या दोन श्वासांना इथे विशेष किंमत आहे.

मिठाचे पाणी, ताक, लिंबू, कडक कॉफी, यातले काही तोंडात घालायचे नाही. बोटे घालून ओकारी काढायची नाही. गुंगीत गिळणे आणि ठसका दोन्ही मंद झालेले असतात, पोटातले थेट फुफ्फुसात जाते. गार पाण्याची बादली ओतून, थोबाडीत मारून किंवा दोघांनी धरून अंगणात चालवून औषध उतरत नाही. आणि सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे ‘झोपू दे, सकाळी उतरेल’. दारू बरोबर गेली असेल तर गुंगी रात्रीतून वाढतच जाते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात फोनचे एक बघावे लागते. चंदगडकडचा डोंगर असो की निपाणीचा महामार्ग, मोबाइल पलीकडच्या राज्याच्या टॉवरला लागलेला असू शकतो. 108 दोन्हीकडे आहे, म्हणून पहिल्याच वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा. पलीकडचा माणूस कन्नडच बोलत असेल तर दोन वाक्ये पुरतात: ‘निद्रे मात्रे जास्ति तगोंडिदारे’ म्हणजे झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यात, आणि ‘उसिराट निधानवागिदे’ म्हणजे श्वास मंद झालाय.

कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात गाडी यायला वेळ लागणार असेल तर स्वतःचे वाहन काढा, पण मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. बसलेल्या बेशुद्ध माणसाची मान पुढे पडते आणि श्वासाची वाट तिथेच बंद होते. जीप किंवा कारच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, एकाने हनुवटी धरून बसावे. श्वास मंद असेल तर वाटेतल्या पहिल्या ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात थांबा. खानापूर, चिकोडी, निपाणीचे सरकारी दवाखाने त्यासाठीच आहेत. बेळगावचे सिव्हिल किंवा नेहरूनगरचे केएलई रुग्णालय, किंवा निपाणीकडून कोल्हापूर, हा हट्ट तिथे ऑक्सिजन लागल्यावर.

सोबत काय न्यायचे

सगळी पाकिटे. रिकामी, अर्धी, उशीखालची, कचऱ्याच्या डब्यातली, घरातल्या दुसऱ्या कुणाचीही. डॉक्टरांना तीन गोष्टी हव्या असतात: कोणते औषध, किती, कधी. ‘किती’ बिलावरून काढता येते. 1 तारखेला 15 गोळ्या आणल्या, रोज रात्री एक, तर 7 तारखेच्या सकाळी 9 उरायला हव्यात. उरल्या 2, म्हणजे 7 चा हिशेब लागत नाही. ‘कधी’ साठी शेवटचे नीट कोण बोलले, त्याला वेळ विचारा.

नाव वाचताना मोठ्या अक्षरातला ब्रँड नव्हे, खालचे बारीक अक्षरातले घटकाचे नाव वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही एका घराण्यातली. झोल्पिडेम वेगळे, पण काम तेच. फिट्ससाठीचे फेनोबार्बिटोन त्याहून जड आणि लांब टिकणारे. अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचे औषध) असेल तर ते वेगळे ओरडून सांगा, कारण त्यात झोपेपेक्षा हृदयाच्या ठोक्यांचा धोका मोठा. पॅरासिटामॉलचे पाकीट रिकामे दिसले तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी सांगायचेच. यकृताची खराबी दोन-तीन दिवसांनी कळते, आणि त्यावरचे औषध पहिल्या 8 तासांत दिले तर सर्वांत चांगले लागू पडते. शेतातल्या घरात फवारणीचे औषध असतेच. तोंडाला वास, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ती निव्वळ गोळ्यांची केस नाही.

दवाखान्यात नातेवाईक एकच विचारतात, ‘उतारा नाही का?’ अल्प्राझोलामच्या घराण्यावर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. पण त्याचा असर साधारण तासभरच टिकतो आणि गोळी त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात असते. शिवाय रोज गोळ्या घेणाऱ्याला किंवा सोबत अमिट्रिप्टिलिन घेतलेल्याला त्याने फिट येऊ शकते. म्हणून बहुतेक वेळा डॉक्टर ते देत नाहीत; ऑक्सिजन, सलाइन, ईसीजी, रक्तातली साखर तपासणे आणि नजर ठेवणे हाच उपचार असतो. त्याला हलगर्जी समजून भांडू नका.

एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंद होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील. त्या भीतीने ‘चुकून दोनच खाल्ल्या’ असे सांगू नका, उपचारच चुकेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे असते, त्याच्यावर खटला भरायचा नसतो.

आठवण नेमकी कुठे गेली

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, चहा घेतो, सगळ्यांना नावाने ओळखतो, आणि अर्ध्या तासात चौथ्यांदा विचारतो, ‘मला इथे का आणलंय?’ घरचे हादरतात.

ही औषधे मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतात. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्या ब्रेकखाली लवकर येतो. माणूस चालतो, बोलतो, सही करतो, फोनही घेतो, पण त्यातले काही साठत नाही. त्यामुळे जुनी आठवण शाबूत राहते आणि गोळ्या अंगात भिनल्यानंतरचे तास कोरे जातात. ते तास परत येत नाहीत. कुठे दडलेले नसतात, मुळात साठलेलेच नसतात. बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी देऊन ते उगवणार नाहीत, आणि गोळ्यांच्या आठवड्यात यकृतावर आणखी अनोळखी औषधांचा भार टाकण्यात शहाणपण नाही.

परत यायला हवी ती नवे लक्षात ठेवण्याची ताकद. ती कधी यावी याचा अंदाज औषधावरून बांधता येतो. औषधाचे अंगातले प्रमाण निम्मे व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याला पाचाने गुणा. साधारण तेवढ्यात ते निघून जाते. झोल्पिडेमला निम्मे व्हायला 2 ते 3 तास, अल्प्राझोलामला सुमारे 11, लोराझेपामला 10 ते 20, क्लोनाझेपामला 30 ते 40. डायझेपामला 20 ते 50 तास, पण त्यापासून शरीरात बनणारा दुसरा पदार्थ 100 तासांपर्यंत घेतो. म्हणजे झोल्पिडेमचा धुरळा एका दिवसात खाली बसावा, क्लोनाझेपामचा आठवडाभर राहू शकतो, आणि डायझेपामचा पार दोन-तीन आठवडे रेंगाळतो. सत्तरीच्या पुढे, यकृत बिघडलेले असताना किंवा गोळ्या फार गेल्या असताना हे आकडे लांबतात. घरच्यांनी हा हिशेब कागदावर मांडून तारीख लिहून ठेवावी. त्या तारखेनंतरही आठवण लंगडत असेल तर दोष गोळीचा नाही, दुसरे काहीतरी आहे, आणि ते शोधायला परत दवाखाना गाठायचा.

वही कशी ठेवायची

एक दोनशे पानी वही. सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा, रोज त्याच वेळेला आणि शक्यतो त्याच माणसाने. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, इथे का आहोत, हे तीन प्रश्न. मग तीन शब्द सांगायचे, तीनही एकदा म्हणून घ्यायचे, पाच मिनिटे दुसऱ्या गप्पा मारायच्या आणि शब्द परत विचारायचे. ऊस, किल्ला, चावी. दुसऱ्या वेळी शब्द बदला, नाहीतर तेच घोकून पाठ होतात. किती आले तो आकडा लिहा, 0 ते 3. सोबत झोप किती, चालताना तोल कसा, ताप आहे का.

आकडा रोज वाढलाच पाहिजे असे नाही. संध्याकाळी तो सकाळपेक्षा कमी येतो, थकवा असतो. बघायची ती आठवड्याची चाल.

परीक्षा घेताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे जुने विचारणे. आजीने लग्नाची तारीख आणि सासरचे सगळे दीर-नणंदा बिनचूक सांगितल्या की घरचे म्हणतात, डोके एकदम ठीक आहे. जुने तर गेलेच नव्हते! दुसरी चूक भाषेची. वॉर्डात सिस्टर कन्नडात वार-तारीख विचारतात, खानापूरच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला प्रश्नच कळत नाही, आणि केसपेपरवर ‘गोंधळलेला’ असे लिहून येते. राउंडच्या वेळी घरचे कुणीतरी जवळ उभे राहून प्रश्न मराठीत विचारावा, उत्तर मात्र पेशंटलाच देऊ द्यावे.

तोच प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर, त्याच शब्दांत. घरात सगळ्यांनी मिळून एक वाक्य ठरवा: ‘काकू, तुम्ही बेळगावच्या दवाखान्यात आहात. सोमवारी गोळ्या जास्त झाल्या होत्या.’ इतकेच. ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून काही साधत नाही. कोऱ्या तासांत कोणी काय केले याच्या रंगवलेल्या गोष्टी तर अजिबात सांगू नका. रिकामी जागा मेंदूला सोसत नाही. ऐकलेले स्वतःचे म्हणून चिकटते, आणि पुढे डॉक्टरला किंवा पोलिसांना तेच खात्रीने सांगितले जाते. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी घोळका करून ‘का घेतल्यास गं?’ विचारणे हा या भागातला जुना रोग आहे, त्याला दारातच आवरा. ‘आठवत नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते.

आकडा सलग दोन-तीन दिवस 3 येईपर्यंत स्कूटर, ट्रॅक्टर, विहीर, विळा-कोयता आणि एकट्याने गॅस बंद. रोजच्या गोळ्या दुसऱ्याच्या हातून. आणि या दिवसांत कसलीही सही किंवा अंगठा घेऊ नका. जमिनीचा उतारा, सोसायटीचे कर्ज, सोनेतारण, काहीही असो. माणूस शांतपणे सही करतो आणि उद्या त्याला ती आठवत नाही.

गोळीवर ढकलू नये असे

गुंगीत बराच वेळ श्वास अपुरा पडला असेल तर हिप्पोकॅम्पसला ऑक्सिजनचा मार बसतो, आणि ही खोट हिशेबाच्या तारखेनंतरही राहते. गोळ्या घेण्याच्या आधीचे कित्येक दिवसही पुसलेले दिसले तर हाच संशय धरा. याचा एक फसवा प्रकार आहे: माणूस पूर्ण सुधारतो, घरी येतो, आणि एक ते चार आठवड्यांनी पुन्हा बिघडतो. गप्प होतो, चालणे अडखळते, कपड्यात लघवी होते. तो ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून देवऋषीकडे न्यायचा मामला नाही. मेंदूचा एमआरआय करायचा मामला आहे.

पडून डोक्याला लागले असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्यात रक्त हळूहळू साठते. डोकेदुखी, ओकारी, एक हात जड, अशा वेळी सीटी स्कॅन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि खोकला म्हणजे पोटातले फुफ्फुसात गेल्याची शंका. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलेल्याची लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी तपकिरी झाली तर स्नायू चुरगळून मूत्रपिंडावर ताण आलाय, त्याच दिवशी दाखवा. रोज दारू पिणाऱ्याची आठवण गेली असेल तर थायामिन (जीवनसत्त्व बी-1) दिले का, हे डॉक्टरला विचारा.

आणि हे सगळ्यांत जास्त चुकते. वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्याच्या सगळ्या गोळ्या घरचे रागाने चुलीत टाकतात. एकदम बंद झाल्या की आखूड टिकणाऱ्या गोळीत एक ते तीन दिवसांत आणि लांब टिकणारीत आठवडाभराने हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भास आणि फिट येऊ शकते. घरच्यांना वाटते आठवण पुन्हा गेली. गोळी सोडायची तर ती डॉक्टरच्या हिशेबाने, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी करत. महिने लागतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

म्हाताऱ्या माणसांत जास्त गोळ्या जाण्याचे कारण अनेकदा आठवणच असते. रात्री दहाला गोळी घेतली, दोनला जाग आली, घेतल्याचे आठवेना, म्हणून आणखी एक. पाकीट उशाशी असेल तर हे कुणालाच कळत नाही. सात खणांचा डबा आणा, रोजचा एकच खण हाताशी, बाकी कुलपात. डबा नको असेल तर पाकिटाच्या मागच्या फॉइलवर मार्कर पेनने तारखा घाला.

दुसरे कारण खास आपल्याकडचे. गुडघ्यासाठी मिरज, बीपीसाठी बेळगाव, झोपेसाठी गावातला डॉक्टर. तीन चिठ्ठ्यांवर तीन ब्रँड आणि आत एकच क्लोनाझेपाम, किंवा एकीवर अल्प्राझोलाम आणि दुसरीवर ट्रामाडोल, म्हणजे गुंगी आणणारी वेदनेची गोळी. सगळी पाकिटे टेबलावर मांडून बारीक अक्षरे एकमेकांशी ताडून बघा आणि यादी करून प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-1 मधली आहेत. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून पेशंटचे नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर 3 वर्षे ठेवायचे असते. ओळखीवर बिनचिठ्ठीची देणारा मेडिकलवाला तुमचा उपकारकर्ता नव्हे.

एसटीत, रेल्वेत कुणी दिलेला चहा-बिस्किट खाऊन कोरे तास आणि रिकामे खिसे घेऊन कुणी घरी आला तर लघवीचा नमुना त्याच दिवशी द्या. झोल्पिडेम एक-दोन दिवसांत सापडेनासे होते. साध्या पट्टीच्या तपासणीत लोराझेपाम आणि क्लोनाझेपाम हुकू शकते, म्हणून पट्टी कोरी आली तरी नमुना पुढे मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगा.

गोळ्या मुद्दाम घेतल्या असतील, किंवा तशी शंका असेल, तर शुद्ध नीट आल्यावर एकट्याला शांतपणे सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार होता का? आता येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट होते. त्या वेळचे आठवत नसेल तरी आजचे मन सांगता येते. घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधे दोन्ही कुलपात जाऊ द्यात, किल्ली दुसऱ्याकडे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 14416 दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था जवळ आहे. डिस्चार्ज मिळतानाच तिथली किंवा बेळगावच्या सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागाची तारीख मागून घ्या. पहिले काही आठवडे माणसाला एकटे ठेवू नका.

त्या पहिल्या फेरीला वही, सगळी पाकिटे, औषधांची यादी आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स न्या. एक प्रत तिथे राहते, दुसरी कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरसाठी.